वीज खात्याची फाइल मागितली म्हणून कोणी तुरुंगात जात नाही

"ऊर्जामंत्र्यांना अधिकारी काय सल्ला देतात ते राज्यघटनेनेच गुप्त ठेवलं आहे. माहिती अधिकारात मागाल तर शासकीय गुपितांच्या कायद्याखाली १४ वर्षांची कैद. विजेचे दर बंद खोलीत ठरतात, तुम्हाला कोणी विचारत नाही. अर्जबिर्ज करू नका, पुढे पाठवा." हा मेसेज सध्या नागपुरातल्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. खाली नाव नाही, तारीख नाही, कलम नाही. हात जोडलेली इमोजी मात्र आहे.

एरवी मी डिलीट करून मोकळा झालो असतो. पण नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या मामांनी, निवृत्त मास्तर माणूस, स्मार्ट मीटरबद्दल अर्ज लिहून ठेवला होता. साध्या ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असं २०२४ च्या जूनमध्ये तत्कालीन ऊर्जामंत्र्यांनी जाहीर केलं. आधी लावायचं ठरलं ते कशावरून आणि नंतर फिरलं ते कशावरून, एवढाच त्यांचा प्रश्न. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँपसुद्धा डकवून झाला होता. मेसेज आला आणि अर्ज कपाटात गेला. "काहून भानगडीत पडू बाप्पा, पेन्शन अडकली म्हणजे?"

तर आधी त्या १४ वर्षांचं बघू, कारण खरा घात तिथेच आहे. १९२३ च्या गुपितांच्या कायद्यात १४ वर्षं आहेत, पण ती कलम ३ मध्ये, हेरगिरीसाठी, तीही संरक्षणाशी संबंधित बाबींत. मीटरबद्दल विचारणारा मास्तर त्यात कुठे बसतो? अर्ज करणं हा कोणत्याच कायद्याखाली गुन्हा नाही. माहिती का हवी, हेसुद्धा माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) प्रमाणे सांगावं लागत नाही. उलट त्याच कायद्याचं कलम ८(२) गुपितांच्या कायद्याचं नाव घेऊनच म्हणतं, की तो काहीही म्हणो, माहिती उघड करण्यातलं जनहित मोठं असेल तर ती देता येते. माहिती अधिकार कायद्यात दंड आहे, पण तो विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला: दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००. मेसेज लिहिणाऱ्याने दंड टेबलाच्या अलीकडे, अर्जदाराच्या बाजूला आणून ठेवला. हे अज्ञानातून झालं असेल असं मला तरी वाटत नाही.

राज्यघटनेचं नाव घेतलंच आहे तर अनुच्छेद १६३(३) वाचा. मंत्र्यांनी राज्यपालांना काय सल्ला दिला, याची चौकशी न्यायालयात करता येत नाही, एवढंच तिथे आहे. राष्ट्रपतींबाबत तेच ७४(२) मध्ये. सचिवाने मंत्र्याला लिहिलेल्या टिपणीचा तिथे संबंध काय? आणि ७४(२) बद्दलसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या बोम्मई निकालात सांगून ठेवलंय, की सल्ला ज्या सामग्रीवर आधारलेला असतो ती सामग्री म्हणजे सल्ला नव्हे.

आता नाइलाजाने मान्य करायची गोष्ट. मंत्रिमंडळाचे कागद, मंत्री-सचिवांच्या विचारविनिमयाच्या नोंदींसह, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(झ) खाली खरंच राखून ठेवलेले आहेत. निर्णय व्हायच्या आधी अधिकाऱ्याने मोकळेपणाने "साहेब, हे परवडणार नाही" असं लिहावं, यासाठी थोडा आडोसा हवा, हे मलाही पटतं. पण मेसेजवाला त्याच कलमाचं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अट, गिळून बसलाय: निर्णय झाला आणि प्रकरण पूर्ण झालं, की निर्णय, त्याची कारणं आणि ज्या सामग्रीवर तो घेतला ती सामग्री जाहीर करायची. म्हणजे कुलूप आहे, पण मुदतीचं. त्यातही वर्षानुवर्षं "प्रकरण अद्याप पूर्ण झालेले नाही" असं उत्तर चिकटवणारी कार्यालयं आहेत, तो वेगळा संताप.

कागद उघडे पडले की काय होतं, हे कोळशाचं गाव असलेल्या नागपूरला कशाला सांगायचं! वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचं मुख्यालयच इथे आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोळशाच्या २१४ खाणपट्ट्यांचं वाटप रद्द केलं, ते पट्टे कोणाला द्यायचे याची शिफारस करणाऱ्या छाननी समितीच्या बैठकांची इतिवृत्तं तपासूनच.

दर बंद खोलीत ठरतात म्हणे. २००३ च्या विद्युत कायद्यात दराचा प्रस्ताव प्रसिद्ध करून लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्यायची सक्ती आहे. दर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगाच्या जनसुनावण्या नागपुरातही होतात. जाऊन बोलता येतं. तिथे आपलं किती ऐकतात, यावर वाद घाला, खुशाल घाला.

आणि अर्ज करायचाच असेल तर "चर्चा काय झाली" असं विचारूच नका, ८(१)(झ) आयतं त्यांच्या हातात देता. निर्णयाची प्रत, त्याची कारणं आणि आधारभूत कागदपत्रं, असं मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच खात्यात पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोगाचं नागपूर खंडपीठ. तिथे तारखा लांब पडतात, तेवढी तयारी ठेवा.