म्हणे ॲपवर सगळ्यांची कमाई सारखीच!

ॲपवरच्या टॅक्सी-डिलिव्हरीच्या कामाबद्दल फिरणारा तो मेसेज आता माझ्या मावसबहिणीनेच पाठवला, खाली "मी पण करू का सुरू?" असं लिहून. एरवी फॉरवर्डला उत्तरं देत बसायचा मला कंटाळा, पण तिची दोन लहान पोरं आहेत आणि घर एकटी चालवते, म्हणून लिहितेय. मेसेजचं म्हणणं असं की ॲपवाले नोकरदारांपेक्षा जास्त कमावतात, त्यांच्यासाठी हा वरखर्चाचा पैसा असतो, ॲप एकटा की संसारी बघत नाही म्हणून सगळ्यांना सारखंच मिळतं, आणि एकट्या आईला तर याहून चांगलं काम नाही कारण वेळ तिच्या हातात.

जास्त कमाईचे स्क्रीनशॉट सगळ्यात भारी आठवड्याचे असतात, त्यातून पेट्रोल, दुरुस्ती, गाडीचा हप्ता वजा नसतो. आणि तास कोण सांगणार? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२१ चा अहवाल आहे, १०० देशांतल्या सुमारे १२,००० कामगारांना विचारून केलेला. त्यात ॲप टॅक्सीवाल्यांचा आठवडा सरासरी ६५ तासांचा निघालाय, डिलिव्हरीवाल्यांचा ५९. एवढं राबून नोकरदारापेक्षा चार पैसे जास्त मिळाले तरी त्यात कसलं कौतुक?

वरखर्चाचं तर बोलूच नका. त्याच अहवालात टॅक्सीतल्या ८४ टक्के आणि डिलिव्हरीतल्या ९० टक्के लोकांची हीच मुख्य कमाई आहे. घरबसल्या ऑनलाइन कामं करणाऱ्यांत मात्र साधारण तिघांतल्या एकाचीच, तेवढं अर्धं खरं.

आता "सगळ्यांना सारखंच". अरे, रेट सारखा असेल, पण खाणारी तोंडं? घराघरांची तुलना करायला ओईसीडीचं (मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) एक माप वापरतात, घरातल्या माणसांचे आकडे मिळवायचे आणि कमाईला त्या बेरजेने भागायचं: पहिला मोठा माणूस १, पुढचा प्रत्येक मोठा ०.५, चौदाच्या आतलं मूल ०.३. म्हणजे नवरा-बायको आणि दोन पोरं झाली २.१. एकट्या राहणाऱ्या तरुणाने कमावली तेवढीच रक्कम या घरात आली तर तिची किंमत निम्म्याहूनही कमी. आई आणि दोन पोरं, १.६. कागदावर ती चौघांच्या घरापेक्षा बरी दिसते, पण ती बाहेर असताना पोरांना कोण बघणार याचा खर्च या मापात कुठेच नाही.

आणि इथेच त्या शेवटच्या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. वेळ तिच्या हातात? ऑर्डरी येतात जेवणाच्या वेळेला, रात्री, सुट्टीच्या दिवशी, म्हणजे नेमकी पोरं घरी असतात तेव्हा. इन्सेंटिव्ह पण त्याच तासांना लावलेला, आणि तोही अमुक इतक्या ऑर्डरी झाल्या तरच, मग पोराला ताप आला म्हणून मधेच लॉगआऊट केलं की गेलं. दुपारी पोरं शाळेत असताना ती ऑनलाइन राहू शकते, तेव्हा नुसतं वाट बघत बसायचं, आणि त्या बसण्याचे पैसे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. टॅक्सी-डिलिव्हरीत बायका दहातली एक पण नाही, हे पण त्याच अहवालात आहे. इतकं सोयीचं असतं तर रांग लागली असती की!

घरात दुसऱ्याचा पक्का पगार येत असेल, पोरांना बघायला कोणी असेल, तर हे काम जोडीला ठीक आहे, नाही म्हणत नाही. पडत्या महिन्यात हातभार लागतो. पण मेसेज पोचतो तो ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांच्याकडे.