‘सहा महिन्यांत नाही, तर कधीच नाही’ म्हणे!

"प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर सहा महिन्यांत ताठरता आली नाही तर पुरुषत्व कायमचं गेलं समजा. रोबोटने केलं असतं तर काहीच झालं नसतं. वीर्य येत नाही म्हणजे सगळं संपलं. उपाय एकच, शंभर टक्के आयुर्वेदिक चूर्ण, दुष्परिणाम शून्य."

हा मेसेज माझ्या काकांना त्यांच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर आला. कॅन्सरमुळे त्यांची प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, काढून चार महिने झालेत. काकू देवळात गेल्यावर त्यांनी फोन केला आणि दबक्या आवाजात विचारलं, "अरे, म्हणजे दोनच महिने उरले का?"

आधी चूर्ण. काकांनी ते मागवलंही होतं. याच काकांच्या शर्टाच्या खिशात, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायला, सॉर्बिट्रेट असते. ‘शुद्ध वनस्पती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धकांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलंच औषध, लेबलवर न लिहिता मिसळलेलं वारंवार सापडलंय. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियामकाने, त्यावर कितीतरी इशारे काढलेत. सिल्डेनाफिल आणि सॉर्बिट्रेट एकत्र आली की रक्तदाब धाडकन खाली येतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टर सिल्डेनाफिल लिहिण्याआधी हृदयाच्या गोळ्यांची चौकशी करतात. चूर्णवाला काय विचारतो? पिनकोड.

आता ते सहा महिने. नुकसान होतं, हे नाइलाजाने मान्य. प्रोस्टेट कॅन्सरच्या उपचारांची तुलना करणाऱ्या ब्रिटनच्या प्रोटेक्ट चाचणीचे आकडे २०१६ साली आले. सुरुवातीला १०० पैकी ६७ जणांना संभोगापुरती ताठरता होती. शस्त्रक्रियेच्या गटात सहा महिन्यांनी ती १२ जणांना उरली. पण तीन वर्षांनी २१! सहाव्या महिन्याला दार बंद होत असतं, तर हे वाढीव लोक आले कुठून? (सहा वर्षांनी आकडा पुन्हा १७ झाला, तेही सांगतो.) ताठरतेचे मज्जातंतू प्रोस्टेटच्या दोन्ही कडांना चिकटून जातात. ते वाचवले तरी ओढाताणीने दुखावतात, आणि सावरायला दीड-दोन वर्षंही लागतात. कॅन्सर त्यांच्यापर्यंत पोचला असेल तर ते काढावेच लागतात. म्हणून तारीख मोजण्यापेक्षा सर्जनला विचारा, दोन्ही बाजू वाचल्या, एक, की एकही नाही? डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळीने भागलं नाही तर व्हॅक्यूम पंप, इंजेक्शन, इम्प्लांट आहेच.

रोबोट? ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला रोबोट आणि उघडी शस्त्रक्रिया यांची थेट तुलना झाली, लैंगिक क्षमतेत फरक दिसला नाही. आणि वीर्यातला बहुतेक द्रव ज्या ग्रंथी बनवतात त्याच काढल्यात, तर येणार कुठून? परमसुखाची जाणीव मात्र कोरडी का होईना, राहू शकते. ताठरता नसतानाही.

काकांची बाटली सध्या माझ्या कपाटात आहे. काकूंना वाटतंय, पचनाचं काहीतरी असेल.