क्वार्टरबॅकला अलगद आडवं कसं करावं

अमेरिकेत जाऊन व्यावसायिक फुटबॉलपटू व्हायचं तुमचं ठरलंच असेल, तर बचावफळीत जा. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या दारात जाहिरातवाले रांग लावतात. तुम्हाला तो त्रास नाही. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब आजवर फक्त दोन बचावपटूंना मिळालाय : १९७१ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जच्या अ‍ॅलन पेजला आणि १९८६ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरला. मधल्या काळात, १९८२ मध्ये, तो एका किकरला देऊन झाला. किकर म्हणजे अधूनमधून मैदानात येऊन चेंडूला लाथ मारणारा आणि बहुधा स्वच्छ कपड्यांनी घरी जाणारा सद्गृहस्थ. तेव्हा अपेक्षा बेताच्या ठेवा.

सुरुवात इंडियानापोलिसला होईल. तिथे दरवर्षी ‘कम्बाइन’ भरतो. चड्डी-बनियनवर उभं करून तुमची उंची, वजन, हाताची लांबी, पंजाची रुंदी मोजतात. चाळीस यार्ड पळवतात. २२५ पौंड, म्हणजे १०२ किलोची दांडी दमेपर्यंत उचलायला लावतात. आपल्याकडे कांदेपोह्यांच्या वेळी मुलीला चालून दाखवायला सांगणं आताशा असभ्य मानतात. इथे ते टीव्हीवर दाखवतात.

ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात त्यात, कोणी निवडलं नाही तर खचू नका. डीकन जोन्स १९६१ मध्ये चौदाव्या फेरीत गेला आणि पुढे खेळातल्या थोर बचावपटूंत गणला गेला. जेम्स हॅरिसनला तर २००२ मध्ये कोणी निवडलंच नाही. पिट्सबर्गने त्याला घेतलं, काढलं, परत घेतलं, परत काढलं, आणि २००८ मध्ये तोच लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. ऑगस्टच्या अखेरीस संघ ५३ जणांवर आणतात. त्या सुमारास कोणी येऊन ‘कोचनी बोलावलंय, प्लेबुक घेऊन ये’ म्हणालं, तर कोच तुमच्याशी डावपेचांची चर्चा करणार आहेत अशा भ्रमात राहू नका. बॅग भरा.

टिकलात तर करार होईल. आकडा मोठा असेल. बातमीसाठी तो मोठाच लागतो. २००९ मध्ये वॉशिंग्टनने अल्बर्ट हेन्सवर्थशी सात वर्षांसाठी १० कोटी डॉलरचा करार केला. त्यातले हमीचे ४.१ कोटी, बाकीचे मथळ्यासाठी. पुढच्या वर्षी हा गडी धावण्याच्या चाचणीत दिवसेंदिवस नापास होत राहिला आणि २०११ मध्ये त्याला न्यू इंग्लंडला देऊन टाकण्यात आलं. मला विचाराल तर या धंद्यातलं अर्थकारण नीट समजलेला विद्यार्थी हाच.

आता मुख्य काम, म्हणजे माणूस पाडणं. पगार त्याचाच आहे, आणि दंडही त्याचाच. डीकन जोन्स समोरच्याच्या हेल्मेटवर सणसणीत चपराक लगावून पुढे घुसायचा. ही युक्ती इतकी चालली की १९७७ मध्ये तिच्यावर बंदी आली. २०१८ पासून क्वार्टरबॅकला पाडताना त्याच्यावर सगळं वजन टाकायचं नाही, या नियमावर कडक भर आला. तुमचं वजन सव्वाशे किलो, तुम्ही पूर्ण वेगात, पाय जमिनीवर नाहीत. तर हवेतच विचार करा. मायामीच्या विल्यम हेजने त्या सप्टेंबरात तो केला. डेरेक कारला पाडता पाडता त्याने अंग बाजूला वळवलं आणि स्वतःच्या गुडघ्याचा लिगामेंट फाडून घेतला. मोसम संपला, पण नियम मोडला नाही.

२०१० मध्ये हॅरिसन क्लीव्हलंडच्या मोहम्मद मासाक्वॉइवर आदळला. पंचांनी झेंडा टाकला नाही, म्हणजे फाउल धरला नाही, पण लीगने ७५,००० डॉलर दंड ठोकला. त्याच सुमारास लीगच्या संकेतस्थळावर त्याच धडकेचे फोटो विकायला होते. बोभाटा झाला तेव्हा काढले. दंड तुमचा, फ्रेम त्यांची.

शरीराची फार काळजी करू नका. रॉनी लॉटची करंगळी १९८५ च्या मोसमात चेंगरली. शस्त्रक्रिया करून बरं होण्यात वेळ गेला असता, म्हणून त्याने टोकच कापून घेतलं. बोटं दहा असतात. डोकं मात्र एकच, त्यामुळे त्याची काळजी लीग घेते. १९९४ मध्ये मेंदूच्या दुखापतींसाठी लीगने समिती नेमली आणि अध्यक्ष केला संधिवाताचा डॉक्टर. डोकंही शेवटी सांध्यावरच बसलेलं असतं, असा विचार असावा. पुढे हजारो निवृत्त खेळाडू कोर्टात गेले, भरपाई ठरली. पण स्मृतिभ्रंश तपासताना कृष्णवर्णीय खेळाडूची बुद्धी मुळातच कमी धरायची सोय त्यात होती, आणि लीगमध्ये बहुसंख्य तेच. नुकसान झालं हे सांगण्याआधी डोकं होतं हे सिद्ध करा! ही पद्धत बंद करायचं २०२१ मध्ये कबूल झालं. घाई कशाला?

एका माणसाच्या नादी तेवढं लागू नका. वर आलेला तो अ‍ॅलन पेज. हा गडी खेळता खेळता लांब पल्ल्याचं धावायला लागला, रोडावला, वर कायद्याचा अभ्यास करत बसला. १९७८ मध्ये त्याला कायद्याची पदवी मिळाली आणि त्याच वर्षी व्हायकिंग्जने त्याला काढलं. वजन फार उतरलं, ही तक्रार. शिकागोने उचलला म्हणून आणखी काही वर्षं खेळला. मग १९९३ पासून २०१५ पर्यंत मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होऊन बसला. असले छंद जडलेच, तर निदान तीन मोसम दम धरा. पेन्शनला तेवढे लागतात.