विद्यार्थ्यांची शिल्पं वर्षभर तरी उभी राहू द्या

संग्रहालयाचा वर्धापनदिन जवळ आला की शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांना बोलावून आवारात शिल्पं करून घेतात. ही कल्पना मला मनापासून आवडते. पण उद्घाटन झालं, फोटो निघाले, प्रमाणपत्रं वाटली की महिन्याभरात तीच शिल्पं गोदामामागे आडवी पडलेली दिसतात. तेव्हा जीव तुटतो.

कारण स्टुडिओत शिकता येत नाही ते उघड्यावरच कळतं. आत भव्य वाटणारं काम बाहेर आणलं की एकदम खुजं दिसतं. मागे भिंत नसते, आभाळ असतं. खिडकीच्या उजेडात घडवलेला चेहरा भर दुपारी सपाट होतो आणि तिरप्या उन्हात पुन्हा उठून दिसतो.

आणि पाणी! विद्यार्थी असताना मी सिमेंटमध्ये एक बसलेली बाई केली होती. तिची ओंजळ हौसेनं खोल केली, पण पाणी निघून जायला भोक ठेवलं नाही. पावसात ओंजळ भरायची आणि पाणी मुरत मुरत मनगटातल्या सळईपर्यंत जायचं. लोखंड गंजलं की फुगतं आणि वरचं सिमेंट फोडतं. दुसऱ्या वर्षी मनगटावर केसाएवढी भेग दिसली, तिच्याखाली तांबूस ओघळ. शिल्प तिथे उभं होतं म्हणून मला हे बघायला मिळालं. आठवड्यात हलवलं असतं तर पुढच्या प्रत्येक कामात मी तीच चूक केली असती.

जागाही मुलांना आधी दाखवा. काम झाल्यावर 'कुठेतरी ठेवू' म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. फ्रेंच शिल्पकार रोदँला त्याचं 'बर्गर्स ऑफ कॅले' हे शिल्प लोकांच्या पातळीवर, जमिनीलगत हवं होतं. कॅले शहरानं 1895 मध्ये ते उंच चौथऱ्यावर चढवलं. ते खाली आलं 1924 मध्ये, रोदँ जाऊन सात वर्षं झाल्यावर. एवढ्या मोठ्या शिल्पकाराचं ऐकलं नाही, तिथे विशीतल्या मुलांचं कोण ऐकणार? म्हणूनच शिल्प कुठे उभं राहणार हे करारात लिहून द्या. पाया आणि वाऱ्याचा जोर तपासायला इंजिनिअर द्या. साहित्याचा खर्च मुलांच्या खिशातून नको.

आणि वर्षभरानं त्याच मुलांना बादली आणि मऊ ब्रश देऊन परत बोलवा. आपलं शिल्प स्वतःच्या हातानं धुताना त्यांना दिसेल, पाणी कुठे साचलंय, वेल्डिंगचा कुठला जोड गंजलाय, आणि लहान मुलांनी चढून चढून कुठला गुडघा गुळगुळीत केलाय.