कडक भाकरी आणि माझी दाढ

आमच्या घरात वय कडक भाकरीवर मोजतात. कोरडी भाकरी शेंगा चटणीबरोबर कुडूमकुडूम खातो तो तरुण. आमटीत चुरून, ती भिजायची वाट बघत बसतो तो म्हातारा. या हिशेबाने मी गेल्या संक्रांतीला, वयाच्या ४६व्या वर्षी, म्हातारा झालो. भाकरीच्या कडेवर खालची दाढ टेकली आणि हलली. दुखली अजिबात नाही. नुसती हलली.

खरं तर निरोप तीन वर्षं येत होता. ब्रश करताना रक्त यायचं. मी थुंकायचो, बेसिनमध्ये पाणी सोडायचो आणि विसरायचो. ब्रश बदलला, पेस्ट बदलली, मग लवंगवाली पेस्ट आणली. मध्ये एकदा हिरडी सुजली तेव्हा मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या खाल्ल्या, सूज गेली, विषय संपला. हेच रक्त लघवीतून आलं असतं तर त्याच दिवशी रिक्षा पकडून दवाखान्यात गेलो असतो. तोंडातून आलं की आपण म्हणतो, 'उष्णता झाली असेल.' सोलापुरात तर उष्णतेवर काहीही खपतं.

दाताच्या डॉक्टरबाईंनी खुणा असलेली एक बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत घातली आणि सहायक मुलीला आकडे सांगू लागल्या. तीन, तीन, चार, सहा, सात. मला वाटलं दातांचे नंबर असतील. ते मिलिमीटर होते. निरोगी हिरडीत ही फट १ ते ३ मिलिमीटर असते. माझ्या दाढेची ७ होती. एक्स-रेमध्ये दाढेभोवतीचं हाड खाली गेलेलं दिसलं, भर उन्हाळ्यात विहिरीचं पाणी जातं तसं. फरक इतकाच की पावसाळा आला तरी हे हाड वर येत नाही.

गोष्ट इतकी साधी आहे की राग येतो. दातावर जंतूंचा चिकट थर रोज बसतो. तो निघाला नाही की लाळेतल्या क्षारांनी कडक होतो, तेच किटण. किटण ब्रशने निघत नाही. त्याच्या खरखरीत अंगावर आणखी थर बसतो, हिरडी सुजते, रक्त येतं. इथवर सगळं परत फिरवता येतं. १९६५ साली डेन्मार्कमध्ये १२ निरोगी हिरड्यांच्या माणसांना दात घासणं बंद करायला लावलं होतं. दहा दिवस ते तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावल्यावर आठवडाभरात जागेवर आल्या. म्हणजे मला तीन वर्षं मुदत मिळाली होती. सूज हिरडीच्या खाली हाडापर्यंत उतरली की मात्र गेलेलं परत मिळत नाही, उरलेलं सांभाळायचं.

आता तो जुना समज, सफाई केली की दात हलतात हा. सफाई करून घ्यायची म्हटल्यावर माझा मित्र म्हणाला, "काय बे, चांगले दात हलवून घेतो का? दुखतंय का तुला?" नाही म्हटलं. "मग कशाला जातो?" अर्धं सोलापूर याच मताचं आहे. पडक्या वाड्याची भिंत कधीकधी वेलीनेच धरून ठेवलेली असते. वेल काढली की भिंत डुगडुगते, पण ती वेलीमुळे खचलेली असते. किटणाचंही तसंच. ते दातांना जखडून ठेवतं, खालचं हाड आधीच गेलेलं असतं. सफाईनंतर ते कळतं, एवढंच.

मला साखर आहे, हे लिहायचं राहिलं. साखर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. हिरड्यांवर उपचार झाले की दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ती एचबीए१सीची तपासणी, साधारण ०.४ टक्के-अंकांनी उतरते असं अभ्यासांत दिसलंय. साखरेच्या डॉक्टरांकडे मी आठ वर्षं जातोय. पाय तपासले, डोळे तपासले. 'तोंड उघडा' कुणी म्हटलं नाही. (बीपीच्या अॅम्लोडिपिन गोळीने काहींच्या हिरड्या फुगतात, हेही त्या खुर्चीतच कळलं. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.)

उपचार म्हणजे भूल देऊन मुळापर्यंत सफाई, चार वेळा जाऊन. दाढेसाठी हिरडी उघडून एक छोटं ऑपरेशन. आधीच गेलो असतो तर एका बऱ्या चादरीच्या पैशात भागलं असतं. सूज उतरल्यावर हिरड्या खाली बसल्या, मुळं उघडी पडली आणि ऐन मे महिन्यात माठातलं पाणी पिता येईना. काही आठवड्यांत ते कमी झालं. दाढ अजून आहे. फट ७ वरून ४ वर आली.

घासायचं कसं तेही या वयात शिकलो. मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरका धरून, हलक्या हाताने, दोन मिनिटं, रात्री नक्की. दातांच्या मधे ब्रश पोचत नाही, तिथे बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा इवलासा ब्रश घालायचा. औषधी माउथवॉश सांगितले तेवढेच दिवस, जास्त वापरला की दात तपकिरी पडतात.

आणि आत्या. तिने आयुष्यभर विड्या वळल्या, सकाळ-संध्याकाळ मशेरी. मला म्हणाली, "माझ्या हिरडीतून थेंब येत नाही बघ, मशेरीने घट्ट होतात." तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा हिरड्यांचा रोग म्हणूनच लपून वाढतो, रक्त दिसतच नाही. मशेरी जिथे घासली जाते तिथली हिरडी दात सोडून खाली सरकते, आणि कॅन्सरची भीती वेगळीच. आत्याचे पुढचे चार दात उरलेत. तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास आला की मी हटकतो. "बघू," म्हणते, आणि डबी कमरेला खोचते. पुढच्या गुरुवारी माझी तीन महिन्यांची तपासणी आहे. तिलाही रिक्षात घालून नेणार आहे, तिला सांगितलंय साडी बघायला नवी पेठेत जायचंय म्हणून.