‘२०० बाइटची लायब्ररी घाला, साइट पळेल’ म्हणे!

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वेबसाइटची कामं करणाऱ्या आम्हा मंडळींत एक सल्ला जोरात फिरतोय: ब्राउझरचे इव्हेंट (‘अमुक घडलं’ असं कोडच्या एका भागाने दुसऱ्याला कळवायची सोय) जड असतात, त्याऐवजी ‘मिट’सारखी २०० बाइटची इव्हेंट लायब्ररी, म्हणजे आयता कोड, घाला, साइट वाडीतल्या नेटवरही पळेल, स्क्रीन अडकणार नाही, मेमरीची चिंता नाही. मिट चांगलीच आहे, मीही वापरतो. हा सल्ला मात्र टिकत नाही.

आधी वेग. कॉम्प्रेस केल्यावर ती साधारण २०० बाइटची होते, खरं आहे. पण देवगडच्या बागायतदाराच्या पानावर हापूसच्या पेटीचा फोटो फोनवरून तसाच ३ एमबीचा चढवलेला असेल, तर इव्हेंटच्या कोडमध्ये किती बाइट वाचवले याला कोण विचारतो? आणि ब्राउझरच्या इव्हेंटसाठी तर काहीच डाउनलोड करावं लागत नाही.

‘ब्राउझरचे इव्हेंट फक्त बटणांसाठी’ ही पुस्ती जोडली जाते, तीही जुनी झाली. इव्हेंटटार्गेट (इव्हेंट पाठवायची-ऐकायची ब्राउझरची स्वतःची सोय) नुसता ‘न्यू’ करून वापरता येतो: क्रोम आणि फायरफॉक्समध्ये २०१८ पासून, सफारीत २०२० पासून. माहिती पाठवायला कस्टमइव्हेंट आहे. लिहायला जरा लांबलचक, एवढीच काय ती तक्रार.

स्क्रीन अडकणार नाही? एमिट म्हटलं, म्हणजे इव्हेंट पाठवला, की सगळे लिसनर (तो ऐकणारी फंक्शनं) तिथल्या तिथे, एकामागून एक चालतात. त्यातला एक हजार ओळींची यादी नव्याने लावत बसला, तर ग्राहकाचं बोट तोवर ताटकळणार. ब्राउझरच्या डिस्पॅचइव्हेंटचंही (तिथला एमिट) तसंच. उलट मिटमध्ये एका लिसनरने एरर फेकली की पुढचे चालतच नाहीत; ब्राउझर ती एरर कन्सोलवर टाकून बाकीच्यांना चालवतो. म्हणजे आकडेवारी मोजणारा लिसनर पडला आणि कुरियरचा खर्च बिलात आलाच नाही, असं होऊ शकतं.

खरी मेख मेमरीत आहे. समजा, ऑर्डरच्या पानावर ‘पेटी वाढवा’ या इव्हेंटला ॲरो फंक्शन (जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) लावलं आणि पान सोडताना लिसनर काढणाऱ्या ऑफमध्ये तेच पुन्हा लिहिलं. दिसायला तेच, पण जावास्क्रिप्टच्या लेखी ते नवं फंक्शन. यादीत सापडत नाही, तेव्हा जागा शोधणारा इंडेक्सऑफ -१ देतो. मिट त्याचा भलामोठा आकडा करते, म्हणून यादीतून काढणारा स्प्लाइस काहीच काढत नाही. एररही नाही, वॉर्निंगही नाही. गिऱ्हाईक त्या पानावर चौथ्यांदा आलं की एका टॅपला चार पेट्या! बिचारा फोन करून भांडतो तो बागायतदाराशी. बरं, ऑफला फंक्शन दिलंच नाही, तर त्या इव्हेंटचे सगळेच लिसनर उडतात, दुसऱ्याने लावलेलेसुद्धा.

यावर नॅनोइव्हेंट्स या दुसऱ्या छोट्या लायब्ररीची पद्धत मला जास्त आवडते: लिसनर लावणारा ऑनच तुम्हाला तो काढून टाकणारं फंक्शन परत देतो. ब्राउझरमध्ये लिसनर लावणाऱ्या ॲडइव्हेंटलिसनरला अबॉर्टकंट्रोलरचा (रद्द करायच्या सोयीचा) सिग्नल द्या. पान सोडताना एकदा अबॉर्ट केलं की त्या सिग्नलवरचे सगळे लिसनर सुटतात.

व्ह्यू या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या आवृत्ती २ वरून ३ वर जाताना जुने ऑन-ऑफ गेलेले असतात. तिथे व्ह्यूचं मायग्रेशन गाइडच मिट किंवा टायनी-एमिटर सुचवतं, तेव्हा खुशाल घाला. नव्या कामात मी आधी इव्हेंटटार्गेट लावून बघतो.