जड मशीनला चाकं नकोत, असं सरसकट म्हणू नका

सुतारकाम आणि फॅब्रिकेशनवाल्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे: जड मशीनला चाकं लावू नका. लावलीत तर मशीन थरथरेल, लेव्हल जाईल, चाकं वजनाने बसतील आणि ढकलताना मशीन कलंडून अंगावर येईल. एकदा जागा ठरवा, बोल्ट मारा, विषय संपला.

ज्याचा गाळा ऐसपैस आहे त्याने खुशाल बोल्ट मारावेत. प्लायचा आठ फुटी शीट लांबीत फाडायचा तर टेबल सॉच्या (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याच्या करवतीच्या) पुढे आठ फूट आणि मागे आठ फूट मोकळे लागतात. दहा बाय वीसचा गाळा तिथेच संपला. प्लेनर (फळी रंधणारं मशीन), बँडसॉ (पट्ट्याची करवत) आणि पिलर ड्रिल (खांबावरचं उभं ड्रिल) मग काय माळ्यावर टाकायचे?

आधी थरथरीचं बघू. ती चाकातून निघत नाही. पुलीचा तोल गेलेला असतो, बेल्ट एकाच जागी पडून आकार धरून बसलेला असतो, नाहीतर बेअरिंग खाल्लेलं असतं. ते सोडून चाकं काढायची म्हणजे आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी.

मशीन डुगडुगतं हा आक्षेप मात्र खरा आहे. कडक फ्रेमला चार चाकं लावून ती शहाबादी फरशीवर ठेवा आणि प्रत्येक चाक हाताने फिरवून बघा. एखादं बिनदिक्कत फिरेल, म्हणजे त्याच्यावर वजनच नाही. टेकायला तीन बिंदू पुरतात, चौथा सपाट जमिनीच्या भरवशावर असतो. ब्रेकने हे सुटत नाही. साधा ब्रेक चाकाचं फिरणं थांबवतो, पण वरची फिरती बैठक मोकळीच राहते. दोन्ही धरणारा ब्रेक घेतला तरी बैठकीतली ढिलाई उरते, आणि प्लेनरमध्ये जाड फळी रेटली की ती कळते.

म्हणून चाकं फक्त हलवण्यापुरती, कामाला मशीन पायांवर. मागे दोन सरळ चाकं, पुढे स्क्रूने वरखाली होणारे दोन पाय, आणि पायाने दाबायच्या लिव्हरवर एक फिरतं चाक. लिव्हर दाबली की पुढची बाजू उचलते, सोडली की पाय टेकतात. मागच्या चाकांशेजारीही दोन पाय घ्या, म्हणजे काम करताना चाकांवर भार राहत नाही. चाकं फ्रेमच्या खाली न लावता बाजूला काढली तर टेबलाची उंची जेमतेम इंचभर वाढते आणि मशीनची बैठकही रुंदावते.

आता लेव्हल. इथे सल्ला देणाऱ्याने सगळी मशिनं एका दावणीला बांधली आहेत. टेबल सॉचं पातं, टेबल आणि फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची पट्टी) एकमेकांशी जुळलेले असले की झालं. पातं आणि टेबल एकाच बॉडीवर बसलेले असतात, त्यामुळे अख्खं मशीन थोडं तिरकं उभं राहिलं तरी कट काटकोनातच येतो. बँडसॉ आणि पिलर ड्रिलचंही तेच.

लेथचं, म्हणजे जॉब फिरवून तासणाऱ्या मशीनचं, तसं नाही. लेथचा बेड लांब, आणि पायांवर भार कमीजास्त पडला की तो पिळतो. डोळ्याला काही दिसत नाही, पण एका टोकाला चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या जबड्यात) धरलेला जॉब टर्न करताना टेपर येतो, म्हणजे एक टोक जाड आणि दुसरं बारीक होतं. मीटरला 0.02 मिमी दाखवणारी पाणसळ बेडवर आडवी ठेवून लेथ बसवतात ती याच पिळासाठी. चाकांवर हलवलेल्या लेथला दर वेळी हा सोहळा पुन्हा करावा लागेल, तेव्हा लेथला बोल्ट मारा. सल्ल्यातलं तेवढं कलम मला मान्य आहे.

चाकं बसतात, कारण माणसं वजनाला चाराने भागतात. 300 किलोच्या मशीनला 75 किलोचं चाक पुरेल असा तो हिशेब. भार तीनच चाकांवर आला तर प्रत्येकी सरासरी 100 किलो होतात, आणि जमिनीच्या उंचवट्यावरून जाताना तिरक्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर 150-150. मी 150 चंच चाक घेईन, कारण चाकावर छापलेली क्षमता गुळगुळीत जमीन धरून लिहिलेली असते. रबर टाळा, उभ्या भाराखाली ते एका बाजूने चपटं होतं. पीयूमध्ये (पॉलियुरेथेनच्या चाकात) लोखंडाचे चिप्स रुततात, म्हणून फॅब्रिकेशनच्या जागी नायलॉन बरं, आवाज सहन करायची तयारी ठेवून.

चाकाच्या मापात कंजुषी नको. कोब्याला पडलेली 5 मिमीची कड चढायची आहे आणि चाकावर 100 किलो आहेत असं धरा. 50 मिमी व्यासाच्या चाकाला सुमारे 75 किलोचा आडवा जोर लागतो, 125 मिमीच्या चाकाला 43 चा. दोन इंची चाकं लावून मग ‘ढकलता येत नाही’ म्हणणारे बरेच भेटतात.

कलंडण्याची भीती पिलर ड्रिलच्या बाबतीत रास्त आहे. मशीन 150 किलोचं, बैठक 50 सेंमी रुंद, आणि पुढचं चाक फटीत अडकलेलं. दीड मीटर उंचीवर हेड धरून ढकललं तर अवघ्या 25 किलोच्या जोराने ते कलंडायला लागतं. तेच अर्ध्या मीटरवर धरलं तर 75 किलो लागतात. तेव्हा खालून ढकला, ड्रिलचं टेबल खाली उतरवून घ्या, आणि बैठकीची लांब बाजू ढकलण्याच्या दिशेत ठेवून न्या.

ज्यांना वेल्डिंगची कटकट नको त्यांनी मशीनखाली दोन सी-चॅनल देऊन 100 मिमी पोकळी ठेवावी. हँड पॅलेटचे (हाताने ओढायच्या, काट्यांवर वजन उचलणाऱ्या ट्रॉलीचे) काटे साधारण 85 मिमीपर्यंत खाली जातात, त्यामुळे ते आत शिरतात, आणि एकच ट्रॉली सगळ्या मशिनांना पुरते. फक्त दोन चॅनलमधलं अंतर काट्यांच्या बाहेरच्या रुंदीपेक्षा जास्त हवं.

एक गोष्ट त्या सल्ल्यात नव्हती, ती मीच भरतो. थ्री फेज मशीन दुसऱ्या सॉकेटला लावलं आणि तिथे दोन फेज अदलाबदल झालेल्या असल्या, तर मोटर उलटी फिरते. लाकूड लावण्याआधी क्षणभर चालू करून पात्याची दिशा बघा, आणि सगळ्या सॉकेटचा क्रम एकदाच वायरमनकडून सारखा करून घ्या.